आत्या कोणाच्या घरातल्या

माझ्या कॉम्प्युटरात गावं आहेत. खोटी, मीच वसवलेली. प्रोग्राम सुरू केला की त्यांत माणसं जन्माला येतात, त्यांची लग्नं लागतात, पोरंबाळं होतात. काही जण म्हातारे होऊन सुखानं जातात, काहींना मधेच कॅन्सर गाठतो. दुपारच्या चहाला उठते तेव्हा पहिली पिढी नांदत असते आणि कप विसळून परत येते तोवर तिची पणतवंडं शाळेत जायला लागलेली असतात. अशा गावात जनुकातला एखादा बिघाड सोडून द्यायचा आणि तो कोणाकोणाच्या घरात शिरतो, कोणाला धरतो, कोणाला सोडतो ते बघत बसायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. विद्यापीठात याला संशोधन म्हणतात. आमच्या वाडीत याला काय म्हणावं हे अजून ठरलेलं नाही. "तुमची पोर कॅन्सरचा हिशेब ठेवते ना वो?" असं शेजारणीनं एकदा आईला विचारलं, तर आई म्हणाली, "तसंच कायतरी," आणि कोळंबी सोलायला लागली.

मला ती गावं फार आवडतात, हे मी सहकाऱ्यांना कधी सांगत नाही. संख्याशास्त्राच्या माणसानं आकड्यांवर जीव टाकू नये असा संकेत आहे. पण सुट्टीत मी रत्नागिरीला येते, पडवीत लॅपटॉप घेऊन बसते, समोर माड असतात आणि माडांच्या मागे खाडी. भरतीचं पाणी चढलं की त्याचा उजेड पडवीच्या कौलांखाली हलायला लागतो. बंदरातून इंजिनांची घरघर येत राहते, जेवण अंगावर आलेलं असतं, आणि पडद्यावरची माणसं हळूहळू पडद्यातून बाहेर येतात. एकदा तर मी अर्धवट डुलकीत त्या गावातल्या एका बाईला रस्ता विचारला होता. ती पाणी भरत होती. तिनं हातानं खूण केली, इकडून असं वळा आणि मग खाली उतरा. मी जागी झाले तेव्हा प्रोग्राम संपला होता आणि ती बाई कितव्या पिढीतली हे शोधायला मला लाज वाटली.

त्या गावांची एक गंमत आहे. तिथं लग्न होऊन गेलेली मुलगी वंशवेलीतून हलत नाही. तिचं वर्तुळ जिथं जन्मलं तिथंच असतं. आमच्या चित्रांत बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन आणि आजारी माणूस काळ्या रंगानं भरायचा. वर्तुळापासून नवऱ्याच्या चौकोनापर्यंत एक रेघ जाते, एवढाच काय तो लग्नाचा परिणाम. माझ्या प्रोग्रामात कोणी पोर देऊन टाकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझी धाकटी बहीण.

धाकटी शाळेत शिकवते. स्वभावानं फटकळ आणि मनानं लोण्याची, असं तिच्याबद्दल सगळे म्हणतात आणि ती चिडते. चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "तुमच्या घरात आधी कोणाला कॅन्सर होता का?" आई म्हणाली, "नाही हो. आमच्या घरात कोणालाच नाही." मी शेजारीच बसले होते. मलाही ते खरंच वाटलं. आईच्या माहेरच्या बायका नव्वदीपर्यंत भांडत जगल्या होत्या. बाबा आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आणि सत्तरी उलटली तरी सर्दीपलीकडे त्यांना काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना मात्र धाकटीचं वय पटलं नाही. त्यांनी तिचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं.

बिघाड होता. ज्या बिघाडावर मी वर्षानुवर्षं काम करते आहे, ज्याला मी माझ्या गावांत कितीदा सोडून दिलं आहे, तोच. रिपोर्ट वाचताना मला प्रथम त्याची ओळख पटली, आणि ओळखीचं कोणी भेटल्यावर होतो तसला क्षणभर आनंद झाला. मग तो कोणाच्या रक्तात आहे ते लक्षात आलं आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले.

माझी तपासणी झाली, माझ्यात नाही. एकाच आईबापाच्या दोघी, आणि मी सुटले, धाकटी सापडली. अर्धी शक्यता, अर्धी शक्यता, असं मी वर्गात फळ्यावर लिहून पुढे जाते. त्यानंतर बरेच दिवस मला ते फळ्यावर लिहवेना. धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. दोघींना टक्कल पडलं असतं तर आईनं वेण्या कोणाच्या घातल्या असत्या?" केमोथेरपीनं तिचे केस गेले होते आणि ती डोक्याला आईचा जुना सुती पंचा बांधून हिंडायची.

आईचीही तपासणी केली. आईत नाही. म्हणजे उरले बाबा.

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुरुषाला हा बिघाड बहुधा काही करत नाही. त्याच्यात तो नुसता राहतो आणि पुढे जातो. हे मला पाठ होतं. पण बाबांकडे बघून ते कसं सांगायचं याचं शिक्षण मला कोणी दिलेलं नव्हतं. शिवाय बाबांच्या बाजूला बायका कुठं होत्या? आजी समुद्रात बुडालेल्या आजोबांमागोमाग तापानं गेली, एवढंच आम्हांला माहीत. आत्या होत्या, पण त्या गोष्टीतल्यासारख्या. कोणीतरी जयगडला दिलेली, कोणीतरी आणखी वर, कोणीतरी मुंबईला. लग्नात त्यांची नावंही बदललेली. त्या गेल्या तेव्हा आम्ही लहान होतो, आणि गेलेली लेक दिल्या घरची, म्हणून माहेराला सुतकही थोडकंच. सुतक थोडकं तशी आठवणही थोडकी. आई खोटं बोलली नव्हती. "आमच्या घरात" या शब्दांत तिच्या नणंदा बसतच नव्हत्या.

मला आईचा राग आला नाही. त्या दोन शब्दांचा आला. आमच्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांच्या वंशवेली आम्ही जमवतो, त्यांत बायका नेहमी कमी दिसायच्या. आता मला दिसलं की त्या कमी नव्हत्या, दुसरीकडे नोंदलेल्या होत्या, आणि तिथंही सासरी आलेली बाई म्हणून, कोणाची लेक म्हणून नव्हेच. विचारणाऱ्यांनी आजार विचारला होता. आजारावर सगळे गप्प बसतात. दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं.

बाबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. आता ते बोटीवर जात नाहीत, लोकांची जाळी सांधून देतात. दुपार उतरत आली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "बाबा, भाऊबीजेला तुम्हांला ओवाळायला कोण कोण यायचं?"

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"तिघी," ते म्हणाले. "थोरली जयगडास्नं होडीनं यायची. वाऱ्यानं केस पार इस्कटलेले असायचे तिचे. आय तिला म्हनायची, आदी वेनी घाल, मंग भावाला ओवाळ. मधली येताना तिकडचे पोहे आनायची. आनि धाकटी नुसती हसायची. ओवाळताना पन हसायची, तबक हालायचं."

बाबा एवढं सलग बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "मग यायच्या कशा थांबल्या?"

"थोरली एका वर्साला आली नाय. पोटात पानी झालेलं. पोर पाळन्यात होती तिची. मधलीला छातीत गाठ होती म्हनं, तिकडंच सगळं झालं, आमाला मागनं कळलं. धाकटीचं पन पोटातच." त्यांनी जाळ्याचा दोरा दातानं तोडला. "तवापास्नं मी भाऊबीजेला बोट काढाया लागलो."

भाऊबीजेला बाबा नेहमी समुद्रावर असायचे. आम्ही पोरं कुरकुर करायचो की या माणसाला सणासुदीचंही कौतुक नाही. आई म्हणायची, दिवाळीनंतर मासळीला उठाव असतो. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. हा बिघाड छातीला धरतो तसा बाईच्या अंडाशयालाही धरतो, आणि मग पोटात पाणी होतं. मी लॅपटॉपवर तीन वर्तुळं काढली आणि तिन्ही काळी भरली. ती बाबांच्या चौकोनाशेजारी इतकी सरळ रांगेत बसली की मला पुढचं काही गणित करायची गरजच उरली नाही.

मग मी बाबांना सांगितलं. जमेल तितकं सोपं करून, आणि फार वाईट रीतीनं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पोरीला मी दिलं," ते म्हणाले.

धाकटी आतून ऐकत असणार. ती पंचा सावरत बाहेर आली. "बाबा, नाक पण तुमचंच दिलंयत मला. त्याचं आधी बोला. त्याच्यामुळं लग्नाला उशीर झाला माझ्या." बाबांना हसू आलं नाही. तिनं त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसकण मारली आणि ती बराच वेळ उठली नाही.

संध्याकाळी ते मला एवढंच म्हणाले, "तिघींना धरलं, मंग माज्यात गप का बसला? मी होतो की." याला शास्त्रात उत्तर आहे. मी ते दिलं. त्यांना ते नको होतं, आणि मलाही देताना ते अपुरं वाटलं.

पण आता खरी घाई दुसरीच होती. मधल्या आत्याला मुलगेच, त्यांना मी फोनवर समजावलं आणि त्यांनी ते ऐकलं. धाकट्या आत्याला मूल नव्हतं. थोरलीची मात्र एकच मुलगी, पाळण्यात राहिलेली तीच. आता हेदवीला दिलेली, आमच्या धाकटीपेक्षा थोडी मोठी, तिला स्वतःला एक लग्नाची मुलगी. माझ्या आत्येबहिणीच्या अंगात तो बिघाड असण्याची शक्यता अर्धी होती, आणि तिची आई ज्या वयात गेली ते वय तिनं कधीच मागं टाकलं होतं. असलाच, तर तो तिला कधीही धरेल. तिनं तपासणी करून घेतली पाहिजे, आणि लवकर. आम्हां सगळ्यांना त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

मी फोन केला. ती आधी खूप गोड बोलली. मग मी विषय काढला तशी तिचा आवाज खाली गेला. "बाय, आमच्याकडं तसलं काय नाय गो. आनि आता पोरीचं जमत आलंय. हा शब्द पन तोंडातनं काडू नको. सासूबाय हितंच हायत." दुसऱ्यांदा फोन केला तर तिनं उचलला नाही. मी तिला व्हॉट्सॲपवर लांबलचक समजावून लिहिलं, विद्यार्थ्यांना लिहिते तसं मुद्देसूद. त्यावर तिनं फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवलं.

मी चिडले, घाबरले, धाकटीवर ओरडले. बाबा जाळं गुंडाळून ठेवत म्हणाले, "तुजा फोन कोन ऐकील? तू मामाची पोर. मामा गेला पायजे."

आमच्याकडे मामाला भाचीच्या घरी जायला कारण लागत नाही. तो आला की घर उठून बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बंदरावर गेले आणि त्यांनी सरंगे अगदी निवडून घेतले, डोळे बघून, कल्ले उघडून. बर्फाच्या डब्यात ते घेऊन आम्ही दोघं निघालो.

तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. आरे-वारेची वळणं, एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला एवढा समुद्र की बोलणं बंदच व्हावं. हवेत धुरकट ऊन होतं आणि लांबच्या बोटी पाण्यावर आहेत की आभाळात ते कळत नव्हतं. जयगडला आम्ही गाडीसकट फेरीबोटीत चढलो. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. इथूनच त्यांची थोरली होडीनं यायची. पलीकडच्या धक्क्याला बोट लावताना चालवणाऱ्यानं जरा धक्का दिला, तेव्हा ते पुटपुटले, "काय रे लावतोस, म्हशीला गोठ्यात ढकलल्यावानी." मला बरं वाटलं, तांडेल अजून जागेवर होता.

भाचीनं मामाला बघितलं आणि ती दारातच पदर तोंडाला लावून उभी राहिली. नवरा लोटे गावातल्या कंपनीत, तो सुट्टीलाच घरी येतो. घरात ती, तिची सासू आणि मुलगी. सरंग्यांचं कालवण झालं, जेवणं झाली, मुलगी भांडी घेऊन मागे गेली. मी मनात माझी वाक्यं जुळवत होते. बाबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि सुपारी कातरणाऱ्या सासूबाईंकडे वळले.

"इहीनबाय, एक बोलाचां हाय."

सासूबाई आधीच सावध झाल्या होत्या. "आमच्या घरात आल्यापास्नं तिला काय कमी नाय केलां आमी."

"तां नाय. तुमच्या घरचां कायच नाय. हां आमच्या घरचां हाय." बाबांचा आवाज बोटीवर असायचा तसा मोठा झाला. "माज्या तीन भैनी ह्याच आजारानं गेल्या. कॅन्सरच तो. आमी त्यांना दिल्या म्हनून इसरलाव. तां रगत माज्यात पन हाय, माज्या पोरीला पन झालां. ह्या पोरीची आय माजी भैन. तवा हिला पन आसंल नायतर नसंल, तां बगाय पायजे. हिला मी मुंबैला नेनार."

कॅन्सर हा शब्द त्या घरात बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला होता. मागे भांड्यांचा आवाज थांबला. आत्येबहीण भिंतीकडे तोंड करून रडत होती. सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "आवो, पन पोरीचं जमतंय. लोकं काय बोलतील?"

"मामाकडचां हाय म्हनून सांगा," बाबा म्हणाले. "सगळा दोस मामावर घाला. मी रत्नागिरीला ऱ्हातो, मला काय फरक पडतो?"

काही वाईट निघालं की मामाच्या बाजूवर ढकलायचं, ही आमच्याकडची जुनी सोय. पण मामा स्वतः चालत येऊन ती सोय हातात देतो, असं सासूबाईंनी कधी पाहिलं नसणार. त्यांना आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. "न्या," त्या म्हणाल्या. "एकलीला नको पन. मी पन येते."

आत्येबहिणीनं भिंतीकडून तोंड वळवलं आणि विचारलं, "मामा, माजी आय कशी होती?" तिला आईचं काहीच आठवत नव्हतं, आणि सासरी विचारायचं कोणाला? बाबा सांगायला लागले. मी अंगणात जाऊन उभी राहिले. ते ऐकायचा हक्क माझा नव्हता.

तपासणीत बिघाड निघाला. मी हजारो रिपोर्ट वाचले आहेत, सगळे क्रमांकांचे. हा एका बाईचा होता, जिनं मला सरंग्याची तुकडी वाढताना "डोकं तूच घे" म्हटलं होतं. पुढच्या तपासण्या झाल्या, त्यांत एक अगदी बारीक गाठ सापडली, हाताला लागण्याआधीची. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. तिच्या मुलीचं काय करायचं ते ती मुलगी ठरवेल, तिला सगळं सांगितलं आहे. तिनं माझ्यापेक्षा नेमके प्रश्न विचारले. आता आमच्या संशोधनात कुटुंबांना भेटायला जाणाऱ्या मुली पहिला प्रश्न भाऊबीजेचा विचारतात. लोक बोलतात, आणि चित्रांत वर्तुळं वाढत जातात.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत होते. गाठ पूर्ण निघाली, बाहेर कुठं पसरलेलं नाही. मी पडवीत जाऊन बाबांना सांगितलं. आई जवळच तांदूळ निवडत बसली होती.

बाबांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "थोरलीची ऱ्हायली," ते म्हणाले, आणि मोठ्यानं, लहान मुलासारखे रडायला लागले. रडता रडताच म्हणाले, "तिला हितं आन. जखम भरंपर्यंत हितंच ऱ्हावं दे."

मी हो म्हणायच्या आत आई सूप बाजूला सारून उठली आणि आतली खोली झाडायला गेली.